रुळलीस का?

मराठीत ‘रुळणं’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीला पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली की आपण म्हणतो, ‘रुळली.’ नवी सून सहा महिन्यांनी न विचारता स्वयंपाकघरातले डबे उघडायला लागली की तीही ‘रुळली हो!’ परभणीहून पुण्याला नोकरीसाठी गेलेला मुलगा पहिल्या दिवाळीला घरी आला की त्यालाही हाच प्रश्न, ‘रुळलास का?’ झाड, सून आणि नोकरदार पोरगा या तिघांना एकच क्रियापद पुरतं, याची मला पूर्वी गंमत वाटायची. गेली सहा वर्षं मी नागपुरात गच्चीवर भाज्या लावते आणि दर हंगामाला घरचंच बी धरते. तेव्हापासून या शब्दाबद्दल शंका यायला लागली आहे. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. त्या एकमेकींच्या जागी वापरल्या की माणसांवर अन्याय होतो, असं मला वाटतं. ते कसं, हे सांगायला आधी टोमॅटोबद्दल बोलावं लागेल.

टोमॅटोला ऊन आवडतं, हे अर्धंच खरं आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रही गार होईना, की त्याचे परागकण निकामी व्हायला लागतात. फूल येतं, पण फळ धरत नाही; देठातून गळून पडतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि गच्चीचं सिमेंट रात्री उशिरापर्यंत तापलेलं असतं. म्हणून इथे गच्चीवर टोमॅटो लावायचे ते पाऊस सरताना, खायचे थंडीत, आणि उन्हाळा तापला की झाडं उपटायची. मला मात्र एप्रिल-मेमध्ये चार फळं देणारं झाड हवं होतं. तिथवर जायचे रस्ते दोन.

पहिला रस्ता जपणुकीचा. हिरवी जाळी बांधायची, कुंडीत वाळक्या पाल्याचं आच्छादन घालायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं. रोप एकदम उन्हात ठेवायचं नाही. आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं. नर्सरीवाले याला रोपं कडक करणं म्हणतात. पानं जाड होतात, त्यांच्यावरचा मेणासारखा थर वाढतो, रोप पाणी जपून वापरायला लागतं. हे त्या एका झाडाचं रुळणं. पण ते त्या झाडाबरोबरच संपतं. पुढच्या वर्षी त्याच्या बियांतून आलेल्या रोपांना पुन्हा पहिल्या दिवसापासून ऊन दाखवावं लागतं.

दुसरा रस्ता निवडीचा. चार ठिकाणांहून बी गोळा करायचं: कुणाच्या परसातलं, कुणाच्या शेतातलं, एखादं चेरी टोमॅटोचं, एखादं बाजारातल्या संकरित फळाचं, कारण संकरिताच्या पुढच्या पिढीत नाना तऱ्हा निघतात. सगळ्यांची रोपं मुद्दाम उशिरा, फेब्रुवारीत लावायची. पाणी मोजून द्यायचं, जाळी बांधायची नाही. मेमध्ये ज्या दोन-तीन झाडांना फळ धरेल त्यांचंच बी ठेवायचं. गर पेल्यात थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत वेष्टन सुटतं. मग धुऊन, सावलीत वाळवून, बाटलीत भरायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काही वर्षांनी तुम्ही म्हणता, ‘माझा टोमॅटो नागपूरच्या उन्हाला रुळला.’

आता नीट बघा. या दुसऱ्या रस्त्यात कुठलंही झाड बदललेलं नसतं. ज्याला उन्हात फळ धरत होतं त्याला धरलं, ज्याला नव्हतं त्याला नाही. बदलली ती बाटली, म्हणजे तिच्यात कोण आहे आणि कोण नाही, हे बदललं. डेन्मार्कच्या योहानसेन या शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्यावरच्या प्रयोगांतून हे मांडलं होतं. एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे वेगळे पेरले आणि छोटे वेगळे पेरले, तरी पुढच्या पिढीतल्या दाण्यांचं सरासरी वजन सारखंच राहिलं. मुळात वेगवेगळे लोक नसतील तर निवड काही करू शकत नाही. आणि वेगवेगळे असतील, तर निवड म्हणजे काहींना वगळणं.

तर ‘रुळणं’ या शब्दाचे अर्थ दोन. एक, जगता जगता सरावणं. दुसरा, जे सरावले नाहीत ते उरले नाहीत. आपण बोलताना पहिला अर्थ धरतो, आणि पुष्कळदा वागतो दुसऱ्या अर्थाने.

एप्रिलमध्ये कुंड्यांतली रोपं माना टाकतात तेव्हा माझ्या सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला येतात. दरवर्षी त्यांचं एकच म्हणणं असतं, “काहून मारून राहिली त्या लेकराले? गिलासभर पाणी टाक ना!” मी त्यांना पिढ्या, निवड वगैरे समजावते. त्या ऐकून घेतात आणि मी खाली गेले की गिलासभर पाणी टाकतात. माझ्या प्रयोगाच्या दृष्टीने हा घोटाळा आहे. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. समोरचं रोप तहानलेलं आहे आणि हाताशी पाणी आहे. ‘तुझं मरण तुझ्या जातीच्या भल्याचं आहे’ हे वाक्य रोपाला सांगायलासुद्धा जरा जड जातं.

अर्थात जपणूकही फुकट नसते. मेमध्ये शहरात पाण्याचे टँकर फिरत असतात. पन्नास कुंड्यांना दोनदा दिलेलं पाणी कुठून तरी कमी झालेलं असतं. म्हणजे प्रश्न दया की कठोरपणा, असा नाहीच. प्रश्न असा आहे की, एखादी गोष्ट तिच्या हवामानाबाहेर जगवायची तर किंमत कोण देणार? वगळलेली झाडं देतील, टँकरचं पाणी देईल, किंवा मी देईन. उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्ट सोडून ढेमसं आणि अंबाडी खाऊन. चौथा, बिनखर्चाचा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

असा बिनखर्चाचा रस्ता आहे, असं एकदा फार मोठ्या आवाजात सांगितलं गेलं होतं. सोव्हिएत रशियात लायसेन्को म्हणत असे की पिकांना शिकवता येतं. त्यांना थंडी दाखवा, सवय लावा, ती सवय बियांत उतरेल. ऐकायला हे किती प्रेमळ वाटतं! कुणालाच वगळायचं नाही, सगळ्यांनाच घडवायचं. १९४८ मध्ये हा सिद्धांत तिथे अधिकृत ठरला आणि आनुवंशशास्त्र शिकवणंच बंद झालं. त्याआधी, जगभर हिंडून बियांच्या हजारो वाणांचा संग्रह उभा करणारे वाविलोव १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले होते. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतले काही सहकारी भुकेने गेले, पण सांभाळायला घेतलेलं धान्य त्यांनी खाल्लं नाही. या इतिहासातून मी माझ्यापुरता एक अर्थ काढते. ‘सगळे बदलू शकतात’ हा विश्वास सौम्य दिसतो. पण तो पक्का झाला की जो बदलत नाही तो अडचणीतला राहत नाही, दोषी ठरतो. ‘आम्ही सगळं केलं, त्यालाच रुळायचं नव्हतं.’

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? ऑफिसात, होस्टेलवर, सासरी?

इथे मी अळूकडे वळते. माझं माहेर चिपळूणचं. तिथे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस. नागपुरात साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. लग्न होऊन आले तेव्हा आईने अळूचे कंद बांधून दिले होते. अळूचं टोमॅटोसारखं नसतं. त्याला बी क्वचितच धरतं. ते कंदातून कंद असं वाढतं. म्हणजे माझ्याकडचं अळू हे आईच्या परसातलंच अळू आहे, तेच झाड पुढे चालू आहे. त्याच्यात निवड करायला पिढ्या नाहीत, वेगवेगळे लोक नाहीत. ते नागपूरच्या मेमध्ये जगतं, कारण न्हाणीघराच्या मोरीचं पाणी जातं तिथे, भिंतीच्या सावलीत, मी त्याला जागा दिली. पाणी तोडलं तर त्यातून नागपुरी अळू निपजणार नाही. नुसतं अळू मरेल.

माणूस या बाबतीत अळू आहे. आपल्याला एकच आयुष्य मिळतं आणि त्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडले जाऊ शकत नाही. निवडीचं तर्कशास्त्र वाणाला लागू पडतं, एका जीवाला नाही. ‘थोडा त्रास होऊ दे, आपोआप कणखर होईल’ असं नव्या माणसाबद्दल बोलणारे बहुतेक वेळा सरावण्याबद्दल बोलत नसतात. सरावाला सावली लागते, आठ-दहा दिवसांची सवड लागते. ते पाणी तोडतात आणि कोण उरतं ते पाहतात. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणतात, ‘बघा, आमच्याकडे सगळे रुळतात.’ जे गेले ते हिशेबात नसतातच. नोकरी सोडून गावी परतलेला मुलगा त्या बाटलीत कसा असेल?

आणि रुळण्याला दुसरी बाजूही असते, ती म्हणजे घराची. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. परदेशातून आलेल्या झाडाला नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव कायद्याने लागलेलं आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडलं हे खरंच. पण त्याच काळात आपला स्वयंपाकही मिरचीसाठी बदलला. तिखटपणासाठी मिऱ्यांवर आणि पिंपळीवर चालणारं घर मिरचीवर आलं. झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. दसऱ्याच्या तोरणात त्याला ओवताना आपण त्याचं गाव विचारत नाही, कारण आपण सणात त्याची जागा करून ठेवली आहे. झाड जेवढं बदललं, तेवढाच उंबरठाही बदलला. नऊ वर्षांत मी पाटोडी शिकले, सावजीचं तिखट सोसायला शिकले, आणि त्याबद्दल मला पुष्कळदा शाबासकी मिळाली. या घरात आता श्रावणात अळूचं फदफदं होतं, सासूबाई त्यात शेंगदाणे जास्त घालायला सांगतात. या बदलासाठी घराला ‘रुळलात हो’ असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

मग मी टोमॅटोची निवड सोडून दिली का? नाही. वाण टिकवायचा तर निवड करावीच लागते, आणि पुढच्या वर्षी कमी पाण्यात फळ देणारं झाड हा एक खरा फायदा आहे. पण मी दोन गोष्टी पाळते. एक, जी झाडं उन्हात हरली पण आधी थंडीत भरभरून फळली, त्यांच्या वाणाचं बी वेगळ्या बाटलीत ठेवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. त्यांच्या संग्रहाकडे पाहताना मला जाणवतं की, जपणं म्हणजे फक्त विजेत्यांना जपणं नव्हे. पुढचं वर्ष कसलं असेल, कुणी सांगावं? या उन्हात हरलेला उद्याच्या अतिपावसात तगेल. बी ठेवायचा, वाटायचा शेतकऱ्याचा हक्क आपल्याकडे २००१च्या कायद्याने मानला आहे, तो या वैविध्यामुळेच मोलाचा.

दुसरी गोष्ट, गच्चीवरचा नियम मी जिन्याच्या खाली आणत नाही. या वर्षी आमच्या ऑफिसात बुलढाण्याची एक मुलगी नवीन आली आहे. पहिल्या आठवड्यात सगळे तिला विचारत होते, ‘रुळलीस का?’ मी विचारलं, “जेवायचं काय करतेस? खोलीत पंखा आहे का?”