परस्पर

हिंदीत ‘परस्पर’ म्हटलं की दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी असल्यासारखी वाटतात. परस्पर प्रेम, परस्पर सहयोग. मराठीतही हा अर्थ आहे. घटस्फोटसुद्धा ‘परस्पर संमतीने’ होतो. पण रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द बहुतेक वेळा उलट्या अर्थाने वापरतो. धाकट्या भावाने जमीन परस्पर विकली. बापाने मुलीचं लग्न परस्पर ठरवलं. म्हणजे ज्याचा संबंध, त्यालाच वगळून. इंदुरात वाढल्यामुळे या शब्दाने लहानपणी माझी अनेकदा फसगत झाली. गेल्या हिवाळ्यात ताई फोनवर म्हणाली, “त्याने आमची केबिन परस्पर बदलली,” तेव्हा मात्र अर्थ कळायला वेळ लागला नाही.

गोष्ट मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझची. भावोजी मूळचे रत्नागिरीकडचे. लहानपणी सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. डेकवर सतरंजी टाकून काढलेल्या त्या रात्री त्यांना लख्ख आठवतात; सकाळी चहा झाला की नाही, हे आठवत नाही. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन दोन वर्षं झाली आहेत. बोट आठवते तोवर त्यांना एकदा बोटीवर न्यावं, असं ताईने ठरवलं.

बुकिंग केलं गल्लीतल्याच एका एजंटने. लहानपणापासून ओळखीचा, ताईला काकू म्हणणारा. ताईने त्याच्याकडे आतली केबिन मागितली: खिडकी नसलेली, जहाजाच्या मधल्या भागातली, लिफ्टजवळची. कंपनी देईल ती केबिन घेतली तर स्वस्त पडते, पण तिने नकाशा पाहून नंबर निवडला आणि त्यासाठी जास्तीचे पैसे भरले. तो म्हणाला, “काकू, समुद्र बघायला जाताय आणि खिडकी नको?” ताई म्हणाली, “हीच दे.” कारण सांगितलं नाही.

कारण असं, की भावोजी रात्री दोन-अडीचला उठतात आणि जो दरवाजा उघडेल तो उघडून चालू लागतात. इंदूरच्या घरी वरती आणखी एक कडी बसवली आहे.

निघायला आठ दिवस असताना नवीन कागद आले. वरच्या डेकवरची, बाल्कनीची केबिन! ताईने फोन केला तेव्हा तो उत्साहात होता. “अपग्रेड, काकू! एक पैसा जास्त नाही.” त्याच्या दुसऱ्या एका कुटुंबाला मधून दार असलेल्या दोन केबिन हव्या होत्या, आजी आणि लहान मुलं असा गोतावळा होता, आणि त्या जोडीतली एक ताईची होती. ती त्याने त्यांना दिली. बाल्कनीची एक सवलतीत मिळत होती, ती ताईला घेतली आणि वरचा फरक स्वतःच्या खिशातून भरला. ताईने कंपनीला फोन लावला. बुकिंग एजंटच्या नावावर आहे, बदल त्याच्यामार्फतच होतील, असं तिकडून उत्तर आलं.

म्हणजे यात लबाडी नव्हती. लबाडीचे प्रकार असतातच: जास्त कमिशनसाठी महागडी केबिन गळ्यात मारणं, गिऱ्हाइकाला न सांगता तारीख सरकवणं. त्यांच्याबद्दल विचार करावा लागत नाही, तक्रार करावी लागते. इथे एका माणसाने पदरचे पैसे घालून चार जणांचं भलं केलं होतं, आणि ताई तीन रात्री बाल्कनीच्या काचेच्या दाराला खुर्ची आणि दोन बॅगा लावून त्या खुर्चीतच बसून झोपली. त्या दाराची कडी लहान मुलालाही उघडता येईल अशी होती.

तिने आधी कारण का सांगितलं नाही, असं मीही विचारलं. सांगितलं असतं तर त्याने धावपळ करून दुसरी आतली केबिन शोधली असती. पण सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. भावोजींनी त्या गल्लीतल्या निम्म्या मुलांना गणित शिकवलं आहे, या एजंटलासुद्धा. अजून लोक त्यांना ‘सर’ म्हणून नमस्कार करतात आणि तेही सवयीने बरोबर उत्तर देतात. ते आणखी थोडे महिने टिकावं, एवढीच तिची इच्छा होती.

मला वाटतं, परवानगीचा प्रश्न खरा इथे आहे. आपण ‘हीच दे’ म्हणतो तेव्हा का, ते सांगायला आपण बांधील नसतो. आपलं काम दुसऱ्यावर सोपवताना आपण आपली कारणं त्याच्या हवाली करत नाही. ती झाकलेली राहावीत म्हणूनच शब्द पाळायचा असतो. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या 211 व्या कलमात म्हटलं आहे, की एजंटने काम मालकाच्या सूचनेप्रमाणे करावं आणि सूचना नसेल तर त्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे. सोबत एक उदाहरण आहे: ज्या धंद्यात उधारीची पद्धत नाही, त्यातला दलाल मालकाचा माल एका पतदार माणसाला उधारीवर विकतो आणि तो माणूस पैसे देण्याआधी दिवाळखोर होतो. नुकसान दलालाने भरायचं. त्या माणसाची पत तेव्हा उत्तम होती, दलालाचा हेतू वाईट नव्हता, तरी भरायचं. हे वाचून मला बरं वाटलं होतं.

‘अपग्रेड’ या शब्दातही एक गृहीत लपलेलं आहे: आतल्या केबिनपेक्षा खिडकीची बरी, खिडकीपेक्षा बाल्कनीची. ही उतरंड कंपनीच्या दरपत्रकाची आहे. एजंटने दरपत्रक वाचलं आणि काकूंचं मन वाचल्यासारखं वागला. पण त्याला एवढी खात्री होती, तर एक फोन का नाही केला? माझा संशय असा, की विचारलं तर समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतं, म्हणून माणसं विचारत नाहीत. होकाराची पक्की खात्री असते तेव्हा विचारणं काही अवघड जात नाही.

एखाद्याचं भलं होईल एवढ्याच कारणावरून त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, असं मिलने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’त मांडलं. त्याआधीची 35 वर्षं त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत, न भेटलेल्या माणसांबद्दलचे कागद लिहिण्यात घालवली होती, आणि ‘मागासलेल्या’ समाजांना हे तत्त्व लागू नाही असंही त्याच पुस्तकात सांगून ठेवलं. दुसऱ्याच्या वतीने ठरवायची सवय लागली की अपवाद सहज सुचत असावेत.

हे सगळं मी ताईला तावातावाने ऐकवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अरे, मीही त्यांचं सगळं परस्परच करते की.”

ते खरं होतं. क्रूझ त्यांना न विचारता ठरली. स्कूटर विकली ती ते दुपारचे झोपलेले असताना. “विचारलं असतं तर नाही म्हणाले असते,” ती म्हणाली. माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं. मी म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी, तुला त्यांची काळजी आहे. “त्या मुलालाही माझी काळजी आहे,” ती म्हणाली. मग मी कायद्याकडे वळलो, तर तिथे 201 वं कलम निघालं: मालकाचं मन ठिकाणावर राहिलं नाही की एजंटचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी भावोजींच्या वतीने कुणीतरी ठरवण्याची खरी गरज सुरू होते, नेमका त्याच दिवशी त्यांनी दिलेला अधिकार सुटतो. ताईला हे वाचून दाखवलं. ती हसली.

ती विचारते मात्र. निळा शर्ट की पांढरा, भात की पोळी. विचारून थांबते. कधी उत्तर येतं, कधी भलतंच येतं, कधी येतच नाही; तरी ती थांबते आणि मग स्वतःच्या मनाने शर्ट काढते. स्कूटरच्या वेळी थांबली नाही, हे तिला टोचतं. त्याने रस्त्यावरची माणसं वाचली असतील, असं मी म्हटलं. तिला ते मान्य आहे, आणि टोचतंही.

हे लिहायला ताईची परवानगी आहे. भावोजींबद्दल आता गल्लीत सगळ्यांना कळलंच आहे. एजंट मराठी नियतकालिकं वाचत नाही, याची तिला खात्री आहे.

तिने मला एक गोष्ट उशिरा सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी त्या बाल्कनीत तीन तास बसले. ताई शेजारी, त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. समुद्राकडे बघत ते एकदम म्हणाले, “आता जयगड येईल. पडाव आला की आधी सामान दे, मग तू उतर.” मग वाटेतली सगळी बंदरं त्यांनी क्रमाने सांगितली, एकही न चुकता. वर्षभरात ते एवढं बोलले नव्हते. आतल्या केबिनमध्ये हे झालं नसतं.

परत आल्यावर एजंटने विचारलं, “बाल्कनी कशी होती, काकू?” ताई म्हणाली, “ठीक होती.”

“त्या दुपारचं सांगितलंस त्याला?” मी विचारलं.

“छे,” ताई म्हणाली. “सांगितलं तर पुढच्या वेळी विचारायचाच नाही.”