निर्दोषतेचे गुण किती ?

मद्याच्या परीक्षेचा विषय घरोघर वाचल्या जाणाऱ्या मासिकांत काढला, म्हणून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांची क्षमा मागून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, प्रस्तुत प्रश्न पिण्याचा नसून पारखण्याचा आहे.

जर्मनींतील कोलोन शहरीं क्योल्श नांवाची बिअर होते. रंगानें फिकट सोनेरी, नितळ, अंगानें हलकी. जवाचा मंद गोडवा, हॉपच्या फुलांचा बेताचा कडवटपणा, आणि फळाचा ओझरता वास, तोही असला तर असला. तिचें यीस्ट उबेंत काम करणारें. पण आंबल्यावर ती थंडींत मुरत ठेवतात, म्हणून चव स्वच्छ आणि तरतरीत होते. तेथील २४ कारखानदारांनीं १९८६ मध्यें करार करून तिचें लक्षण ठरविलें, आणि १९९७ पासून युरोपीय संघाच्या कायद्यानें त्या नांवास संरक्षण आहे. म्हणून अमेरिकेंतील लहान कारखानदार आपल्या मालास सहसा ‘क्योल्शच्या धर्तीची’ असें म्हणतात.

अशा मालाची परीक्षा करणारी एक संस्था अमेरिकेंत १९८५ पासून आहे. तिच्या कोष्टकांत एकूण गुण ५० : गंधास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडांत जाणवणाऱ्या दाटपणास ५ आणि समग्र परिणामास १०. हें कोष्टक पुढें ठेवून आम्हीं व आमच्या कांहीं स्नेह्यांनीं एकदां या धर्तीच्या बिअरचे सहा पेले, नांवें झांकून, तपासले. दुसऱ्या पेल्यास आम्हीं ३८ गुण दिले व शेजारीं ‘संयमी’ असा शेरा लिहिला. पांचव्यास २९ दिले, शेरा, ‘निःसत्त्व’. मागाहून उघड झालें कीं दोन्ही पेले एकाच बाटलींतून भरले होते. व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनीं ही खोडी मुद्दाम केली होती. दुसऱ्याच्या आधींचा पेला सपक होता, पांचव्याच्या आधींचा चांगलाच कडू. आम्हीं गुण दिले ते बहुधा शेजाऱ्यांना. जीभ चुकली याचें आम्हांस फारसें वाटलें नाहीं. ‘निःसत्त्व’ हा शब्द लिहितांना हात जराही अडखळला नाहीं, याची मात्र लाज वाटली. अशा एका शब्दानें एखाद्याचा वर्षाचा माल पडून राहूं शकतो.

डेव्हिड ह्यूम यानें १७५७ सालीं रुचीच्या प्रमाणावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत सँको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट ‘डॉन किहोटे’ मधून घेतली आहे. पिंपांतील मद्य चाखून एक म्हणाला, उत्तम, पण किंचित् चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची. लोक हंसले. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सांपडली ! सूक्ष्म रुचि ही केवळ लहर नव्हे, हें ह्यूमला दाखवावयाचें होतें, आणि तेवढें तें दिसतें. परंतु किल्लीनें सिद्ध झाला तो दोष. मद्य उत्तम आहे, असेंही दोघे म्हणालेच होते. त्याचा पुरावा पिंपाच्या तळाशीं कोणास सांपडला?

क्योल्शमध्यें दोषाला दडावयास जागा नसते. लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास काळ्या, दाट बिअरमध्यें करपविलेल्या धान्याखालीं झांकून जाईल. येथें तो पहिल्याच घोटाला उघडा पडतो. करणाऱ्याचें बहुतेक कौशल्य पिंपांत किल्ली पडूं न देण्यांत खर्च होतें, आणि मग परीक्षकाजवळ मोजण्यासारखें कांहीं उरत नाहीं. सामान्य रसिकांनीं दिलेल्या गुणांच्या याद्या पाहाव्या, तर अग्रभागीं बहुधा काळ्या, जहाल बिअरच असतात. संस्थेचें म्हणणें, प्रत्येक बिअर तिच्या जातीच्या लक्षणाशींच ताडावी. हें न्याय्य खरें. पण मग आपण चांगुलपणा मोजतों कीं आज्ञाधारकपणा?

आपल्याकडे हा वाद काव्याच्या क्षेत्रांत होऊन गेला आहे. मम्मटानें काव्याचें लक्षण करतांना दोषरहितता ही अट आरंभींच घातली; ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथानें आक्षेप घेतला कीं, तसें धरल्यास काव्य फार विरळ होईल, किंबहुना उरणारच नाहीं. काव्यापुरता आम्ही विश्वनाथाचा पक्ष घेऊं; मोठ्या कवीला दोष शोभून जातात. पण सगळ्याच वस्तु मोठेपणासाठीं केलेल्या नसतात. वैशेषिकांच्या पुढील परंपरेनें अभाव हाही एक स्वतंत्र पदार्थ मानला. दोषाचा अभाव हें जर कांहीं ‘असणें’ असेल, तर त्याला गुण देण्याचें रकानें आमच्या कोष्टकांत कोठें आहे ? आणि बिअरच्या कोष्टकावरच रुसून काय उपयोग ? वरण बिघडलें तरच त्याचा पानावर उल्लेख होतो. जिच्या हातचें वरण वीस वर्षें बिघडलें नाहीं, तिची स्तुति आम्हीं कोणत्या पंगतींत ऐकली ?

कोलोनमध्यें हिशेबाची रीत निराळी आहे. तेथील वाढपी, त्यास क्योबेस म्हणतात, पाव लिटरहूनही लहान, सरळसोट पेले गोल तबकांतून फिरवितो. पेला रिता झाला कीं न मागतां दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनें एक रेघ ओढतो. पुरे झालें म्हणजे गिऱ्हाईक ती चकती पेल्यावर झांकतो. या रेघांत विशेषण नाहीं, शेजारच्या पेल्याची छाया नाहीं. आणखी एक हवा वाटला, एवढेंच त्या सांगतात. हें प्रमाण आम्हांस क्षणभर मोहक वाटलें. पण आणखी एक तर व्यसनी मनुष्यालाही हवा असतो, आणि त्याची चकती सर्वांत भरलेली असेल.

आमचा तो गुणपत्रक अजून कपाटांत आहे. ३८ आणि २९ यांची सरासरी काढून साडेतेहेतीस लिहावे, अशी एका स्नेह्यानें सूचना केली होती. पण साडेतेहेतीस गुणांचा पेला त्या संध्याकाळीं कोणींच प्यालें नव्हतें, म्हणून आम्हीं ते लिहिले नाहींत. ‘निःसत्त्व’ या शब्दावर मात्र काट मारली.