भयपटातील खोटी साक्ष

भुताखेतांचे चित्रपट ख्रिस्ती कुटुंबाने पाहावेत काय, हा प्रश्न आपल्या घराघरांतून निघत असतो. रक्तपात किती, अश्लीलता किती आणि मुलांच्या मनावर परिणाम काय, या तीन निकषांवर त्याचे उत्तर बहुधा दिले जाते. हे निकष योग्यच आहेत, परंतु पुरेसे नाहीत. २०१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘द कॉन्ज्युरिंग’ या गाजलेल्या चित्रपटाच्या निमित्ताने आणखी एक निकष आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

जेम्स वान यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे कथानक १९७१ सालचे आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, हॅरिसव्हिल येथील एका जुन्या शेतघरात पेरॉन दांपत्य आपल्या पाच मुलींसह राहावयास येते. घरात भयंकर प्रकार घडू लागतात, आईला अपदूत पछाडतो आणि एड व लॉरेन वॉरेन हे कॅथलिक दांपत्य त्या कुटुंबाच्या साहाय्याला धावते. चित्रपटाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात अश्लीलता नाही, प्रार्थनेची टवाळी नाही. शेवटी त्या मातेला भानावर आणते ती मुलींसमवेत समुद्रकाठी घालविलेल्या एका दिवसाची आठवण. प्रीती भयाहून बलवान आहे, हे ख्रिस्ती मनाला पटणारेच आहे.

अपदूत घालविण्याच्या विधीचे चित्रण मात्र सदोष आहे. व्हॅटिकनची परवानगी येण्याची वाट न पाहता एड वॉरेन हा प्रापंचिक स्वतःच विधी उरकतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ११७२ नुसार हा विधी केवळ धर्मगुरूच करू शकतो आणि त्यासाठी स्थानिक महागुरूंची स्पष्ट परवानगी लागते. बाधा म्हणून दिसते तो आजार तर नाही ना, याची आधी खात्री करावी, असेही कॅटेकिझम बजावतो. हे निर्बंध रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. तरीही नाट्यासाठी घेतलेली ही सूट समजुतीने क्षम्य मानता येईल.

जी क्षम्य मानता येत नाही, ती गोष्ट वेगळीच आहे. चित्रपटातील साऱ्या अनर्थाचे मूळ म्हणून बथशेबा शर्मन या स्त्रीकडे बोट दाखविले आहे. ती चेटकीण होती, तिने आपले तान्हे मूल सैतानाला बळी दिले आणि शाप उच्चारून झाडाला गळफास घेतला, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. बथशेबा शर्मन ही खरोखरीच होऊन गेलेली बाई आहे. ती वार्धक्यात, १८८५ साली वारली आणि हॅरिसव्हिलच्या दफनभूमीत विसावली. ती चेटकीण असल्याचा आधार गावगप्पांपलीकडे कोठेही नाही. आणि हा चित्रपट तर ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून दाखविला गेला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून त्याने जगभरात ३१ कोटी डॉलरहून अधिक मिळविले.

कल्पित कथेत कल्पित चेटकीण असावयास आमची हरकत नाही. लहानपणी अशा गोष्टी कोणी ऐकल्या नाहीत? परंतु खऱ्या नावाच्या, खरी कबर असलेल्या स्त्रीवर बालहत्येचा आळ घेऊन वर ‘हे सत्य आहे’ म्हणणे, याला आठव्या आज्ञेच्या भाषेत खोटी साक्ष म्हणतात.

असा आळ किती घातक ठरतो, हे इतिहासाला ठाऊक आहे. ज्या मेरी ईस्टीच्या कुळाशी चित्रपट बथशेबाचे नाते जोडतो, तिला १६९२ साली सेलम येथे चेटकीण ठरवून फाशी देण्यात आले. ती निर्दोष होती. आपला जीव वाचवा असे न म्हणता, यापुढे निरपराध रक्त सांडू नका, अशी विनंती तिने न्यायाधीशांना केली होती. आपल्या महाराष्ट्रातही डाकीण ठरवून बायकांचा छळ झाला आहे. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जिणे असह्य करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या बाईचे आता काय बिघडणार? जिवंतांचे बिघडले, हे तर उघडच आहे. आगंतुकांच्या उपद्रवाला कंटाळून त्या खऱ्या घराच्या मालकांनी २०१५ साली चित्रपट कंपनीवर दावा लावला. पण मृतांचेही बिघडते, असे आम्ही म्हणू. बथशेबाच्या थडग्याच्या दगडाची मोडतोड झालेली आहे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि ज्यांचे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही प्रार्थना करतो. ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्यांचे नाव जपणे हे त्या प्रार्थनेचेच दुसरे अंग होय.

म्हणून असा चित्रपट पाहू नका, एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. जाणत्या मुलांसमवेत पाहिलात तर नंतर त्यांच्याशी बोला. भीती वाटली का, हे विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा, की यात दोष कोणाच्या माथी मारला आणि त्याला पुरावा काय होता? आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या म्हातारीविषयी उद्या कोणी काही कुजबुजले, तर हाच प्रश्न मुलांच्या ओठी यावयास हवा.