गावाचा थोर कोण?



गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण आधी थोरांची नावे शोधतो. वाशीम जिल्ह्यातील धनज गावाचेच पाहा. त्याच्या तालुक्याचे ठिकाण कारंजा. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि जुन्या जैन मंदिरांसाठी दुरून यात्रेकरू तिथे येतात. धनजला अशी ख्याती नाही. मग धनजला इतिहासच नाही, असे म्हणायचे का?

नावे कोणाची उरतात तेही पाहू. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रेल्वे घातली गेली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. तिच्याशी जोडलेल्या किलिक निक्सन कंपनीचे नाव कागदोपत्री राहिले. पण तो कापूस वेचणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली? २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिले. त्यांत वाशीमही होता. तेव्हाही तिथला शेतकरी आपल्यापर्यंत पोहोचला तो आकडा होऊनच.

याच वऱ्हाडात, शेंडगावला, १८७६ साली डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. तेच आपले गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन ते गावोगावचे रस्ते झाडत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी मात्र काही ठेवले नाही. विचार करा, बाबांनी हाती घेतलेले झाडण्याचे काम गावातली कितीतरी माणसे रोज करीत होती. बाबांना आपण संत म्हटले. त्या माणसांना काय म्हटले?

कोणी विचारील, मग सगळेच थोर का? तसे नाही. गावात दुसऱ्याला लुबाडणारेही असतात, आणि त्यांची नावे कधीकधी पाटीवर झळकतात. ज्याच्यामुळे दुसऱ्याचे जगणे थोडे सुसह्य झाले तो थोर, मग त्याचा पुतळा असो वा नसो. त्याला आपल्या आठवणीची गरज नसेल, पण आपल्याला आहे. त्याला विसरलो, तर आपण स्वतःच्याच बळावर उभे आहोत असा गर्व चढतो.

म्हणून या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसू या. आपल्या गावात विहीर कोणी खणली? बाळंतपणे कोणत्या सुईणीने केली? अडीअडचणीला कोणाच्या घरची भाकर मिळाली? मिळतील ती नावे मुलांकडून वहीत लिहून घेऊ, आणि प्रार्थनेत त्यांची आठवण करू.