गल्ला म्हणजे कमाई नव्हे

धंदा कसा चाललाय, असे विचारले की आपल्याकडे उत्तर उलाढालीत मिळते. ‘वर्षाला पन्नास लाखांचा टर्नओव्हर आहे’ एवढे ऐकले की सोयरीक जुळते, उधारी मिळते, दारात गाडी येते. त्या पन्नास लाखांतले आपले किती, हे मात्र कोणी विचारत नाही. या अज्ञानाने अनेक कष्टाळू घरे कर्जात बुडतात.

माल किंवा सेवा पुरवल्यावर तिच्या मोबदल्यात जी रक्कम आपल्या हक्काची होते, ते धंद्याचे उत्पन्न. बँकेचे कर्ज गल्ल्यात आले तरी उत्पन्न ठरत नाही. अजून न पुरवलेल्या मालाची आगाऊ रक्कम ग्राहकाची असते आणि बिलात घेतलेला जीएसटी सरकारचा. उलट, उधारीवर गेलेला माल विक्रीत दिसतो, पण वसुली होईपर्यंत त्या पैशाने भाडेही भागत नाही.

उत्पन्नातून खर्च वजा केल्यावर उरतो तो नफा. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या अनुमानित कर योजनेत सरकारही उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्केच नफा गृहीत धरते. मग आपण सगळा गल्ला आपला कसा समजतो?

समजा, घरगुती मसाल्यांची महिन्याची विक्री एक लाखाची झाली. मिरची, धणे, खोबरे यांना ६२ हजार, पाकिटे व वाहतुकीला १२ हजार, दळण, गॅस व विजेला ८ हजार गेले. उरले १८ हजार. घरातल्या दोन बायका महिनाभर राबल्या, त्यांची मजुरी यात कुठेच धरलेली नाही. ती धरली तर नफा जवळजवळ शून्य. त्यांच्या फुकट श्रमांना नफा म्हणणे हा हिशेबातला दोष आहेच, पण त्याहून मोठा तो अन्याय आहे.

फुगवलेल्या आकड्याचा मोह मोठ्यांनाही सुटत नाही. ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब फुगवल्याची लेखी कबुली दिली. एका तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखवले होते, प्रत्यक्षात ते २,११२ कोटी होते. कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला, खरा होता ६१ कोटी. खोट्या मोठेपणाची किंमत गुंतवणूकदारांनी आणि कर्मचाऱ्यांनी मोजली.

म्हणून प्रत्येक लहान उद्योजकाला विनंती आहे. घराचे आणि धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा. रोजकीर्द रोज लिहा. कराची रक्कम बाजूला काढा. घरच्यांच्या श्रमाची मजुरी खर्चात मांडा आणि ती त्यांच्या हातात द्या. मुलामुलींना हा जमाखर्च वाचायला शिकवा. पुरवठादाराचे, कामगाराचे आणि सरकारचे देणे चुकते केल्यावर जे उरते, तेवढेच आपले. तेवढ्यावरच संसार उभा करावा.