सत्तर वर्षांची आशा

दहावी-बारावीचे निकाल लागले, नवं वर्ष उजाडलं, कुणाचं ऑपरेशन ठरलं, की यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन मोबाइलवर येऊन पडतं. मागे उगवता सूर्य, वर ठळक अक्षरं: देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत, भविष्य आहे, आशा आहे. पाठवणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ऑपरेशन फसतं, नोकरी मिळत नाही, आणि मग तेच लोक हळूच विचारतात, ‘तुमचा विश्वास तर कमी पडला नाही ना?’ आधीच मोडलेल्या माणसावर हा दुसरा घाव आहे. यिर्मयाच्या नावावर तो घालण्याचा अधिकार कुणालाही नाही.

या वचनातला आशेचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्या दोरालाही हाच शब्द आहे. जुन्या कथांमध्ये तिक्वा माणसाच्या आयुष्याएवढीच लांब असते. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आता वय सरलं. म्हणून नामी सुनांना सांगते की माझ्याजवळ आशा उरलेली नाही. हा शब्द सर्वांत जास्त वेळा ईयोबाच्या पुस्तकात येतो, तोही बहुधा संपलेल्या आशेबद्दल. आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने पळतात आणि तिक्वावाचून संपतात, असं तो म्हणतो तेव्हा आशाही सरते आणि मागावरचा धागाही.

पुढचा इतिहास सहसा असा सांगतात: हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, पौलाने पत्रं लिहिली आणि आशेने मरणाची वेस ओलांडली. 1964मध्ये जर्मन ईश्वरविज्ञानी मोल्टमानने आशेचं ईश्वरविज्ञान मांडलं, तिथपर्यंत ही वाट सरळ नेता येते. माझा आक्षेप तिच्या सुरुवातीला आहे. आशा माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब झाली ती पौलाच्या कितीतरी आधी, बाबेलच्या बंदिवासात. आणि ती लांब करणारं पत्र म्हणजेच यिर्मयाचा हा 29वा अध्याय.

इसवी सनपूर्व 597मध्ये नबुखद्नेस्सरने यरुशलेमचा राजा, कारागीर आणि लोहार बाबेलला नेले. मागे राहिलेल्यांना हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सांगितलं, दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून त्याने ते मोडलंही. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयालाही ते खरं व्हावंसं वाटत होतं. तो आधी ‘आमेन’ म्हणाला. पण बंदिवानांना पत्र लिहिलं ते वेगळं. घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहराने तुम्हाला कैद केलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग 10वं वचन: सत्तर वर्षं लागतील. त्यानंतर आपलं लाडकं 11वं.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हाडं बाबेलच्या मातीतच पडणार होती, आणि आशा त्यांनाच दिली होती. मूळ हिब्रूत इथला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. मराठीत ‘तुम्ही’ एकट्याला आदरानेही म्हणतात, म्हणून आपण तो सहज स्वतःपुरता घेतो. वचन एका समूहाला होतं, आणि नातवंडांनी पाहावं म्हणून आजोबांनी जपायचं होतं. नामीची आणि ईयोबाची तिक्वा इथे बदलते: आशा धरणारा आणि ती पुरी होताना पाहणारा आता एकच असण्याची गरज उरत नाही.

यिर्मयाने हे नुसतं लिहिलं नाही. यरुशलेमला वेढा पडलेला, तो स्वतः पहाऱ्यात, आणि अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला आला. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मोहोरबंद आणि उघडं अशी दोन्ही खरेदीखतं मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. पुढे नगर पडलं. पळणारे लोक त्याला मिसरला घेऊन गेले. त्या शेतात त्याने नांगर धरल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

बंदिवानांनी पत्र मानल्याची खूणही सापडते. बाबेलच्या प्रदेशात ‘अल-याहुदू’, म्हणजे यहूद्यांचं गाव, असं नाव असलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. सर्वांत जुनी इ. स. पू. 572ची. त्यांवर कर, कर्ज, जमिनीचे करार. पर्शियाचा राजा कोरेश याने परतीची वाट उघडल्यावरही तिथली वस्ती राहिली.

म्हणून उपदेशकांना आणि वचनं पाठवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दवाखान्यातल्या माणसाला 11वं वचन एकटं पाठवू नका. त्याच्या उशाशी बसा, सबंध पत्र वाचून दाखवा, आणि 10वं वचन वगळू नका.