मान वीणेचा



वारकरी बंधुभगिनींनो, अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा भुईला टेकू द्यावयाची नाही, हा आपला नेम. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पुढे यावे, वीणेला नमस्कार करून ती गळ्यात घ्यावी, आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडावे. मग मंडपात येणारा प्रत्येक जण त्या नव्या विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो. घटकेपूर्वी जो दऱ्या झटकीत होता, त्याच्यापुढे आता गावचा पाटील वाकतो. आणि दोन तासांनी हाच विणेकरी पुन्हा दऱ्या झटकावयास लागतो! आपण हे लहानपणापासून पाहतो, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. पण नवल आहे खरे, आणि आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

२०१९ च्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातील एका लहानशा गावी सप्ताहाला आम्ही गेलो होतो. कीर्तन आटोपल्यावर यवतमाळला कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ येऊन बसला. थोडा बिचकत म्हणाला, “महाराज, आमच्या पुस्तकात लिहिलंय की लोक साधूच्या मागे जातात तो करिष्मा, आणि साधू गेल्यावर जे उरतं ते कर्मकांड. हे वाचून तुम्हाला राग येत नाही का?”

आम्ही म्हटले, “बाळ, राग कशाचा? तो विद्वान काय म्हणतो ते आधी नीट सांग, मग आपण पाहू.”

मुलाने सांगितले ते असे. माक्स वेबर नावाचा एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होऊन गेला (१८६४–१९२०). त्याने विचार केला, की माणसे दुसऱ्याचे का ऐकतात? कोणी परंपरा म्हणून ऐकतात, कोणी कायदा म्हणून ऐकतात. आणि कधी कधी एखाद्या माणसाच्या अंगचे तेज असे असते की त्याच्यामागे परंपरा नसता आणि कायदा नसताही लोक धावतात. या तेजाला त्याने जो शब्द योजिला तो मूळ ग्रीक. अर्थ ‘कृपेचे देणे’. आपण ‘करिष्मा’ म्हणतो तो फारसीतून आलेला, त्याचा अर्थ चमत्कार. ध्वनी जुळतो, पण दोन्ही शब्द निराळ्या घरचे. आणि गंमत पाहा, गोंधळही नेमका इथेच होतो! कृपेचे देणे कोणते आणि चमत्काराचा बाजार कोणता, हे ज्याला वेगळे करता आले तो तरला.

वेबरचा पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. तेजस्वी पुरुष देह ठेवतो, तेव्हा त्या तेजाचे काय होते? तो म्हणतो, एक तर ते वंशात जाते, मुलगा गादीवर बसतो. किंवा ते पदात जाते, जो त्या पदावर बसेल त्याला मान मिळतो. दोन्ही वाटांनी तेज हळूहळू रोजच्या व्यवहारात मुरते. विधी, नेम, हिशेब, अधिकार हे सारे तेथूनच सुरू होते.

आता हाच प्रश्न आपल्या घरी लावून पाहू.

तुकोबारायांचे प्रयाण १६५० सालचे. त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज पित्याच्या प्रयाणानंतर जन्मले. ज्या मुलाने पित्याचे मुखही पाहिले नाही, त्याला ‘मी तुकोबांचा पुत्र, माझेच पाय धरा’ असे म्हणता आले नसते काय? लोकांनी धरलेही असते. पण १६८५ मध्ये त्यांनी केले ते असे, की पालखीत पादुका ठेवल्या, तुकोबांच्या आणि त्यांच्याबरोबर ज्ञानोबांच्याही, आणि ती पालखी पंढरीच्या वाटेला लावली. पुत्र पालखीत बसला नाही; पालखीबरोबर चालला.

पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. फौजेची शिस्त त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी दिंड्यांना लावून दिली : कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कोणी कोठे थांबावयाचे. त्यांच्या सोहळ्यात घोडा आला, तंबू आला, चोपदार आला. सरदारी थाट सगळा आला, फक्त सरदार कोठे बसला नाही. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तो तुम्ही पाहिला आहे. त्याच्या पाठीवर कोणी स्वार नसतो. त्यावर माउली आरूढ आहेत, ही आपली श्रद्धा. आणि माउली आरूढ आहेत म्हणूनच तेथे दुसऱ्या कोणास बसता येत नाही. श्रद्धेने जागा भरली आणि माणसासाठी ती रिकामी ठेवली. पादुका आहेत, पण त्यांत पाय घालणारा कोणी नाही.

आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. शेगावचे गजानन महाराज १८७८ मध्ये प्रकटले, १९१० मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, संस्थानाची रीतसर स्थापना झाली. आमच्याकडून शेगावास पायी जाणाऱ्या माणसाला आज तेथे कोण भेटते? पाळीपाळीने सेवेला येणारा सेवेकरी भेटतो. तो ‘माउली, पुढे चला’ म्हणतो. त्याचे नाव कोणी विचारीत नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर पाया पडू पाहणाऱ्याला जवळ येऊ देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि कोणी आपला शिष्य नाही, असे ते उघड सांगत. हातात खराटा घेत आणि गाव झाडू लागत. लाजेकाजेने गावही झाडू लागे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची सामुदायिक प्रार्थना आमच्या जिल्ह्यातील गावोगावी आजही होते. महाराज जाऊन अर्धशतक उलटले. प्रार्थनेला बसणाऱ्या कित्येकांनी त्यांना पाहिलेही नाही. पण सांजेला रांगेत बसण्याचा नेम राहिला, आणि त्या नेमात महाराज राहिले.

म्हणून आम्ही त्या मुलाला म्हटले, “तुझा विद्वान म्हणतो त्यात खोटे काही नाही. तेज जाते आणि विधी उरतो. पण विधी म्हणजे विझलेल्या शेगडीतील राखच असे मानू नकोस. इस्तव राखेखालीच जपून ठेवतात. आणि वीणेचे उत्तर वंशाचेही नाही, नुसत्या पदाचेही नाही. पदावर माणूस बसला की उठत नाही. वीणा दोन तासांनी द्यावीच लागते.”

त्यावर मुलगा हसून म्हणाला, “मग तुमच्यात सगळं ठीकच आहे म्हणा!”

नाही हो, सगळे ठीक नाही. इरावतीबाई कर्वे (१९०५–१९७०) मानववंशशास्त्राच्या मोठ्या पंडिता. त्या स्वतः दिंडीबरोबर पायी चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला. पुढे तो इंग्रजीतही आला. यात्रेत माणसे आपली पदवी आणि घराणे मागे ठेवून निव्वळ माणूस म्हणून भेटतात, असे मांडणाऱ्या व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने त्याचा आधार घेतला. पण बाईंनी एक गोष्ट झाकली नाही. भजन सर्वांचे एक होते, परंतु पंगती जातीजातीच्या वेगळ्या बसत होत्या. आणि ते पाहून त्यांना दुःख झाले. एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही, एकमेकांच्या हातची भाकरी मात्र घेत नव्हतो! ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्यांच्या जातभाईंना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. आणि आजही कित्येक गावी बाईने डोक्यावर तुळस घेतलेली चालते, पण तिच्या गळ्यात वीणा घालावयास लोक कचरतात. तेव्हा विधीत समता आहे म्हणून आपण समतेचे झालो, असा टिळा लावून घेऊ नये. विधी वाट दाखवितो, चालावे आपणच लागते.

आता त्याच सप्ताहातील दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हे सारे लिहावयास घेतले.

गावात एक कास्तकार होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे पुष्कळ आहेत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातील कपाशी खाल्ली, त्यात त्याची पाच एकर गेली. उभे पीक हिरवे दिसे आणि बोंड फोडावे तर आत कापूस किडलेला. कोणी तरी त्याला शेजारच्या भागातील एका बाबाकडे नेले. बाबाने सांगितले, वावराला दोष आहे, काढावा लागेल. घरधनिणीची पोत मोडली, दोष निघाला म्हणे. कर्ज मात्र निघाले नाही, वाढले. मग तो माणूस गावात मान खाली घालून फिरू लागला, पुढे फिरेनासाच झाला. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर घेतले जाते, तेथे अशा गप्प बसलेल्या माणसाची भीती वाटते. ती भीती का वाटते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

सप्ताहाच्या पाचव्या रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याचा माणूस तापाने पडला. म्हातारे विणेकरी तासन्‌तास उभे राहून थकलेले. मंडपाच्या कडेला हा कास्तकार अंधारात बसलेला त्यांना दिसला. त्यांनी हाक मारली. तो म्हणाला, “बुवा, मी माळकरी नाही.” म्हातारा म्हणाला, “माळ सकाळी पाहू. आता हात धू, बुका लाव, अन् उभा राह्य. वीना खाली ठेवता येत नाही.”

तो उभा राहिला. चारला काकड्यासाठी गाव जमू लागले. आंघोळ करून, ओल्या धोतराने, एकेक जण आला आणि रीतीप्रमाणे विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवून पुढे गेला. पाटील आला, सोसायटीचा सचिव आला, ज्याचे देणे होते तो दुकानदारही आला. अंधुक उजेडात कोणाच्या पाया पडतो आहोत हे काहींना वाकल्यावर कळले. पण रीत ती रीत. वाकले ते वाकले.

सकाळी तो आमच्याकडे आला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “महाराज, दोन वर्सं झाले, माह्याकडे कोनी धड पाहे नाही. आज सारं गाव पाया पडलं. पाया पडले ते वीनेच्या, हे मले समजते. पन वीना तं माह्या गळ्यात होती!”

बंधूंनो, तीस वर्षे प्रवचने करून आम्हांला जे सांगता आले नाही ते तो एका वाक्यात बोलून गेला. बाबाने त्याला सांगितले होते, ‘तेज माझ्याकडे आहे, तुझ्याकडे दोष आहे.’ वीणेने सांगितले, ‘मान माझा आहे, आणि तो तुलाही धरता येतो.’ हाच तो भेद! जो विधी माणसाला वाकवून तसाच ठेवतो तो एक, आणि जो वाकलेल्याला उठवून त्याच्यापुढे दुसऱ्याला वाकवितो तो दुसरा.

वीणेने त्याचे कर्ज फिटले असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे होईल आणि आम्हीही त्या बाबाच्या पंगतीला बसू. कर्ज होते तेवढेच राहिले. पण त्या पावसाळ्यात डवरणीच्या वेळी सप्ताहातील चार माणसे आपापले डवरे घेऊन त्याच्या वावरात गेली. ज्याच्या पाया पडलो त्याचे शेत तणात कसे पाहावे, असे त्यांतला एक म्हणाला. तो माणूस आज गावात आहे, पहाऱ्याला उभा राहतो. आम्हांला एवढे पुरे आहे.

चमत्कार करून दाखवून पैसा मिळविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तो कायदा होत असताना आपल्यापैकी पुष्कळांना धास्ती वाटली होती, की वारी आणि कीर्तन यांच्यावरही गदा येईल. तशी ती आली नाही; यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. परंतु कायद्याने आपल्याला वगळले म्हणून आपली परीक्षा सुटली असे समजू नये. आपल्यातही कीर्तनापूर्वी बिदागी ठरविणारे झाले आहेत, आणि पाया पडून घेण्याची सवय लागलेलेही. आम्हीही त्यातून सर्वस्वी सुटलो आहोत असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून एक सोपी खूण सांगतो. कोणाच्याही पुढे डोके ठेवण्याआधी पाहावे, की हा माणूस उलट वाकतो का? पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो आणि लक्षावधी माणूस क्षणात शांत होते. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदाराला तिच्यापाशी जाऊन ऐकून घ्यावे लागते. ज्या गादीपुढे तक्रारीचा टाळ वाजविता येत नाही, ती गादी आपली नव्हे.

२०२० मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. २०२१ मध्येही तसेच झाले. वाट ओस पडली, रिंगण झाले नाही. तेव्हा तो कॉलेजातला मुलगा फोनवर म्हणाला, “महाराज, आता विधीच नाही, मग काय उरलं?” आम्ही म्हटले, “शेजारी पाहा.” त्याच्या गावी त्या दिवसांत घरटी दोन तास असा पहारा वाटून वीणा उभी होती, एका वेळी एकच माणूस देवळात, पाया पडावयास दुसरा कोणी नाही. दोन ते चारचा पहारा कोणाचा होता, ते तुम्ही ओळखलेच असेल. २०२२ मध्ये वाट पुन्हा उघडली तेव्हा गावची दिंडी निघाली.

यंदाच्या सप्ताहाची पहाऱ्याची यादी लिहाल तेव्हा मंडपाच्या कडेला अंधारात कोण बसला आहे, तेवढे पाहून घ्या. यादीत एक ओळ रिकामी ठेवा. आणि ती वीणा घेणारी एखादी माउली बाई असली, तरी तिच्या पायांवर डोके ठेवताना कचरू नका.

असो. चुकले माकले संतांनी पदरात घ्यावे.

रामकृष्णहरि.